ड्रायरच्या नळीशी आबा

आषाढ लागला की आमच्या पाटणला घराघरांतून माणसांना बसायला जागा उरत नाही. खुर्च्यांच्या पाठींवर शर्ट बसलेले असतात, सोफ्यावर चादर लोळत असते, पंख्याखाली परकर गरगरत असतात आणि खिडकीच्या गजांना मोजे लटकलेले असतात. पाहुणा आला की आधी टॉवेल उठवायचा आणि मग पाहुण्याला बसवायचं. चार-चार दिवस वाळत घातलेला कपडा हाताला गारच लागतो. तो ओला आहे की नुसताच गार, हे ठरवायला इथल्या बायका तो गालाला लावून बघतात. मीही लावते. इतका जन्म इथं काढूनही माझा अंदाज हमखास चुकतो, कारण गाल मुळात माणदेशातला आहे.

माझं माहेर औंधच्या पलीकडं. यमाईचा डोंगर मागं पडला की जे बोडकं माळरान सुरू होतं, तिथलं. तिथं कपडे धुवायला पाणी नसायचं, पण वाळवायला मात्र काही म्हणजे काही लागायचं नाही. धोतराचं एक टोक खडकावर टाकून दुसरं टोक पसरायला जावं, तोवर पहिलं वाळून वाऱ्यावर फडफडायला लागलेलं असायचं. सासरी आले तर दारात नळ, मागं ओढा, वरून पाऊस, आणि वाळायचं नाव नाही. दात होते तिथं चणे नव्हते, चणे मिळाले तिथं दात नाहीत. लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात मी दमट साडी नेसून रडले होते, असं सासूबाई सगळ्यांना सांगायच्या. मला आठवत नाही, पण रडले असेन.

आज सकाळपासून आमचे हे मागच्या पडवीत स्टुलावर चढून कपडे वाळवायच्या ड्रायरची नळी झाडताहेत. पाऊस सुरू होऊन आठवडे झाले. मी स्वयंपाकघरात आहे आणि माझं अर्धं लक्ष फोनकडं आहे. माझे वडील, आबा, या पावसाळ्यात येणार की नाही हे त्यांनी अजून सांगितलेलं नाही. मी विचारते तेव्हा ते "बगू" म्हणतात. आबांच्या "बगू"चा अर्थ आजवर आमच्या आईलासुद्धा लागला नव्हता, आणि ती तर आता नाही.

गेल्या वर्षी ते आले ते स्वखुशीनं नव्हे. शेळीला पाला पाडताना घसरले आणि उजवं मनगट मोडून घेतलं. माझा भाऊ विट्याच्या एका गलाईवाल्याबरोबर तामिळनाडूत सोनं गाळण्याच्या दुकानात असतो. तो बायकापोरांसकट तिकडं. घरी आबा एकटे. मग मी जीप करून गेले, शेळ्या शेजारी बांधल्या आणि प्लॅस्टरमधल्या हातासकट त्यांना उचलून आणलं. ऐंशीच्या घरातला माणूस, पण जीपमध्ये बसताना त्यांनी जी कुरकुर केली ती पहिल्यांदा शाळेत निघालेल्या पोरासारखी होती.

त्या कुरकुरीला कारण होतं. आबांनी हयातभर मेंढरं राखली. दिवाळी झाली की कळप घेऊन घाट उतरून कोकणात जायचं आणि पावसाच्या आत परत माणात यायचं, अशी त्यांची, त्यांच्या बापाची आणि आज्याची रीत. पाटणवरून जाणारी वाट त्यांच्या पायाखालची होती, पण ती कोरड्या दिवसांतली. पावसाळ्यात ह्या मुलखात थांबायचं, हे त्यांच्या हिशेबात बसतच नव्हतं. ओल्यात मेंढराची खुरं कुजतात, लोकर भिजली की जीव धरत नाही. मेंढरं विकून कैक वर्षं झाली, पण पाऊस आला की कोरड्याकडं तोंड करायचं, हे अंगातून गेलं नव्हतं.

आमच्या दारात उतरल्यावर त्यांनी खांद्यावरचं घोंगडं हुंगलं, आभाळाकडं बघितलं आणि मला म्हणाले, "शालन, हात बरा हुईस्तवर ऱ्हातो. पर एक सांगतो, कापडं वाळली न्हाईत तर एक दीस ऱ्हायाचा न्हाई. ओल्या कापडात म्या कवा निजलो न्हाई."

मी हो म्हटलं. मनात म्हटलं, हात बरा होईपर्यंत कशाला, आता कायमचेच राहा. पण ते बोलले नाही, कारण बोलले असते तर ते त्याच जीपनं परत गेले असते.

कपडे वाळवण्याची हमी मी दिली ती एका मशीनच्या भरवशावर. मुलाची पुण्याहून नागपूरला बदली झाली होती. नागपूरला ड्रायरला कोण विचारतो? त्यानं तो टेम्पोत घालून आमच्याकडं पाठवून दिला होता. आमचे हे साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात होते. दाबाचे काटे, उष्णतेचे काटे, कुठली वाफ कुठं किती, यात त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यापासून घरातली सगळी यंत्रं त्यांना घाबरून असतात. मिक्सर उघडून झाला होता, फ्रिज उघडून झाला होता. ड्रायर आला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते मी आमच्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

सुरुवात काही चांगली झाली नाही. आबांचं धोतर, कोपरी आणि तो लांबलचक पांढरा पटका आत घालायचा, बटण दाबायचं, मशीन थोडा वेळ घुमायचं आणि शिट्टी वाजवून थांबायचं. दार उघडावं तर पटका ओला. पुन्हा लावावं, पुन्हा शिट्टी, पुन्हा ओला. वेळेचं वेगळं बटण होतं, ते लावून पाहिलं. एखाद्या दिवशी व्होल्टेज कमी, कपडे दमट, एखाद्या दिवशी सगळं इतकं भाजून निघायचं की कोपरीची बटणं बोटाला चटका द्यायची. आमच्या धरणाच्या विजेवर अख्खा महाराष्ट्र उजळतो आणि आमच्या घरात पावसाळ्यात दिवा डोळे मिचकावतो, ही इथली जुनी गंमत आहे. आबा खाटेवरून हे सगळं बघत होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांनी आपलं घोंगडं घडी करून उशाशी ठेवलं. म्हणजे निघायची तयारी.

"मामा, दोन दिवस द्या," हे म्हणाले. सासऱ्याला ते मामा म्हणतात. तोवर ह्या दोघांचं बोलणं "बरं हाय का?" आणि "बरं आहे" एवढ्यावर संपायचं. आबा जावयासमोर खाटेवर नीट टेकूनसुद्धा बसायचे नाहीत.

ह्यांनी ड्रममध्ये डोकं घातलं. आत दोन चकचकीत पट्ट्या असतात. ओला कपडा दोन्ही पट्ट्यांना एकदम टेकला की मशीनला कळतं, अजून ओल आहे. ओल लागेनाशी झाली की ते समजतं, काम झालं, आणि शिट्टी मारतं. ह्यांनी पट्टीवरून नख ओढलं तर नखाखाली पांढरा पापुद्रा आला. "थर धरलाय," ते खुशीत म्हणाले, "कारखान्यात नळ्यांना धरतो तसा. पट्ट्यांना ओल कळतच नाहीये. पण हा थर कसला?"

आबा उठून आले. डाव्या हाताच्या चिमटीत तो पापुद्रा चोळला आणि हसायलाच लागले. "आवं पाव्हणं, ही खळ हाय. शालनची खळ."

खळ माझीच होती. आबांचा पटका कडक लागतो, म्हणून मी रोज साबुदाणा शिजवून पातळ खळ करत होते आणि त्यात पटका बुडवून तो मशीनमध्ये टाकत होते. त्यांना घरच्यासारखं वाटावं म्हणून मी जितकी दाट खळ करत होते, तितका तो दमट निघत होता. आम्ही तिघंही त्या ड्रमभोवती उभं राहून हसलो. आबांना इतकं हसताना मी आईच्या माघारी पहिल्यांदा पाहिलं.

"खळ बंद करा, म्हणजे झालं," हे म्हणाले.

"न्हाई जमायचं," मी आणि आबा एकदमच बोललो. मग आबांनीच समजावून सांगितलं, "बिनखळीचा पटका म्हंजी डोक्याला बांदल्यालं फडकं. मानसानं मग उगडं फिरावं."

आधी वाळवून मग खळ द्यावी तर पटका पुन्हा ओला. रोज पट्ट्या घासाव्यात तर दुसऱ्याच घाण्याला पुन्हा थर. तेव्हा पट्ट्यांचा नाद सोडायचा आणि ओल ओळखायची दुसरी जागा शोधायची, असं ह्यांनी ठरवलं. त्यातच त्यांच्या लक्षात आलं की मशीन आपली गरम, ओली हवा न्हाणीतच सोडतंय आणि तीच पुन्हा आत ओढून घेतंय. भिंतींना घाम फुटला होता. मग गवंडी बोलावून भिंतीला भोक पाडलं आणि जाड नळी मागच्या पडवीत काढली. नळीच्या तोंडाजवळच आबांची खाट होती.

त्या दिवशी काय झालं ते मला अजून जसंच्या तसं दिसतं. बाहेर पागोळ्या धरलेल्या, ओढ्याचा आवाज, परसात कर्दळीची पानं वाकलेली. ह्यांनी वेळेचं बटण लावून मशीन सुरू केलं. आबा खाटेवर बसले होते. नळीतून वारं आलं तसा त्यांनी प्लॅस्टर नसलेला हात पुढं केला.

"ओलं हाय," ते म्हणाले. "भिजल्या मेंढराच्या अंगातनं येती, तसली वाफ हाय."

थोड्या वेळानं पुन्हा हात धरला. "अजून हाय." मग हात तसाच, डोळे अर्धे मिटलेले. मी चहा घेऊन दारात उभी होते. एकाएकी ते म्हणाले, "पाव्हणं, बंद करा. वाळलं."

"कशावरून मामा?"

"आमच्याकडचं वारं आलं."

ह्यांनी मशीन थांबवलं, दार उघडलं, पटका काढला. तो वाळला होता. कुठं दमट नाही, कुठं भाजलेला नाही, खळ कडक बसलेली. मी तो गालाला लावला आणि ह्या खेपेला माझा गाल चुकला नाही. चैत्रातल्या माळावरच्या दगडावरून उचलावा तसा तो पटका होता.

ह्यांना इतका आनंद झाला की ते नळीपाशी उकिडवे बसले आणि स्वतःचा हात पुढं करून करून बघू लागले. "बरोबर आहे," ते मला समजावत राहिले, "कपड्यात ओल आहे तोवर उष्णता पाणी उडवण्यात खर्च होते. ओल संपली की हवा कोरडी आणि गरम. कारखान्यात आमचा पॅनवाला साखरेचा पाक बोटात धरून बघायचा, तसंच हे." मला त्यातलं अर्धं कळलं. आबांना सगळं कळलं असावं, निदान मान तरी त्यांनी तशी हलवली.

त्या दिवसापासून घरात नवा कारभार सुरू झाला. सकाळचा चहा झाला की आबा पटका बांधून नळीपाशी हजर. प्लॅस्टरमुळं बांधायला मी लागायची, पण शेवटचा पीळ ते स्वतः डाव्या हातानं द्यायचे. मशीन सुरू झालं की हे आत आणि आबा बाहेर, आणि मधल्या भिंतीतून दोघांचं संभाषण. "मामा, काय म्हणतंय?" "दम धरा, आजून दम धरा." जाड चादर आणि पातळ धोतर एकत्र घालायचं नाही, हे आबांनी ठरवलं. एका मागोमाग दोन घाणे लावले तर मशीन आधीच तापलेलं असतं आणि वीज कमी खाते, हे ह्यांनी ठरवलं. मशीनच्या जाळीत जमणारी कपड्यांची मऊ लव दर घाण्याला काढायची, हे दोघांचं मिळून ठरलं. ती लव बघून आबांना तर हरखच झाला. गुलाबी, करड्या रंगाची ती कापसासारखी लड त्यांनी मांडीवर घेतली, लोकर कातायच्या चातीवर द्यावा तसा तिला पीळ देऊन पाहिला आणि नाराज होऊन टाकून दिली. "दिसाय लोकर, पर ह्यात सूत न्हाई," म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पीळ देऊन पाहिला.

पडवीत दुपारभर साबणाचा आणि गरम कापडाचा वास भरून राहायचा. शेजारचं मांजर येऊन नळीपुढं पाठ शेकत पडायचं. मग शेजारणी यायला लागल्या, आधी बघायला आणि मग बादली घेऊन. कुणाच्या घरी बाळंतीण आलेली असायची, तिची दुपटी आमच्या मशीनमध्ये फिरायची आणि आबा ती वाळली का हे तळहातावर जोखायचे. बायका त्यांना "आबा, झालं का वं?" विचारायच्या आणि ते गंभीरपणे "घाई करू नगा" म्हणायचे. मध्येच वीज जायची. मग सगळे तसेच बसून राहायचे आणि आबा कोकणातल्या वाटा सांगायचे. रात्री कुठल्या शेतात कळप बसवायचा, ओढ्याकाठी वाघरू कसं आलं, एका घाटात कोकरू खांद्यावर टाकून कसं आणलं. ह्यांनी कारखान्यातल्या गोष्टी काढायच्या. इतकी वर्षं एकमेकांना "बरं हाय" म्हणणारी ही दोन माणसं आता जेवणाच्या ताटावरसुद्धा वाऱ्याबद्दल बोलत होती.

सगळंच काही सुरळीत चालत होतं असं नाही. एकदा आबांना नळीच्या उबेत झोप लागली. कुणी बंद करा म्हणालं नाही आणि मशीन आपलं फिरत राहिलं. पटका बाहेर काढला तर तो पापडासारखा. जमिनीवर ठेवला तर स्वतःच्या पायावर उभा राहिला. "हा आता डोक्याबिगर बी चालंल," आबा म्हणाले आणि पुढं दोन दिवस ती गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत बसले.

पण ह्या प्रसंगानं ह्यांच्यातला इन्स्ट्रुमेंटवाला जागा झाला. त्यांनी कुरिअरनं काहीबाही मागवलं. हवेतली ओल आणि उष्णता मोजणारा एक नखाएवढा तुकडा, वायरी, सर्किटची एक हिरवी पट्टी. साबणाच्या प्लॅस्टिकच्या डबीत ते सगळं बसवलं आणि डबी नळीला जोडली. ओल संपली की ती मशीन आपोआप थांबवणार आणि पीं करून वाजणार. आठवडाभर खटपट केली आणि खरोखर ती चालली. एकदम अचूक. खळ असो नसो, धोतर असो दुपटी असोत, व्होल्टेज कमी असो जास्त असो, डबी बरोबर वेळेला वाजायची. ह्यांनी मला मीटरसुद्धा दाखवला. वीज पहिल्यापेक्षा कितीतरी कमी जळत होती.

पहिल्या दिवशी आबा सवयीनं हात पुढं करून बसले. "आजून हाय," ते म्हणाले. मग, "आता…" म्हणेपर्यंत डबी वाजली. मशीन थांबलं. आबांचा हात तसाच हवेत राहिला, मग त्यांनी तो मांडीवर घेतला. "लय शानं हाय की," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी हात पुढं केला नाही. तिसऱ्या दिवशी ते पडवीत आलेच नाहीत, पुढच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. त्याच सुमारास प्लॅस्टर निघालं.

"हात बरा झाला की," ते मला म्हणाले. "उद्याच्या यष्टीत बशीव."

"पाऊस उघडू द्या आबा. कपडे वाळतात की आता."

"वाळत्यात की. म्हनून तर म्हंतो. आता माजं काय काम हाय हितं?"

मी स्वयंपाकघरात गेले आणि ह्यांच्यावर कधी चढवत नाही इतका आवाज चढवून म्हणाले, "तुमच्या त्या डबीनं माझा बाप घालवला." त्यात ह्यांचा काय दोष होता? त्यांनी तर सगळं माझ्या बापाच्या पटक्यासाठीच केलं होतं. ते नुसते त्या डबीकडं बघत राहिले. स्वतःच्या हातानं केलेली, पहिल्या झटक्यात चाललेली चीज होती ती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळीवर डबी नव्हती. हे पुढच्या खोलीत आबांपाशी जाऊन उभे राहिले. "मामा, जरा अडचण झाली. डबीत ओल गेली, बिघडली. असल्या हवेत ते टिकत नाही. धुणं तर पडलंय. तुम्ही आज राहा, जरा बघा."

आबांनी त्यांच्याकडं पुष्कळ वेळ बघितलं. मग उठले, पटका मागितला, ह्या वेळी दोन्ही हातांनी स्वतः बांधला आणि पडवीत जाऊन बसले. "लावा," म्हणाले.

दुपारी मी चहा दिला तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं. "शालन, पाव्हण्यांना खोटं बोलाय येत न्हाई बग. डबडं बिगाडल्यालं न्हाई. काल सांजच्याला बी बरूबर वाजलं, म्या आयकलं."

"मग सांगू त्यांना, तुम्हाला कळलंय म्हणून?"

"कशापायी? ऱ्हाऊ दे. त्येंनी येवढं मन मोठं केलंय, आपुन कशाला त्ये बारीक करायचं?" आणि नळीकडं हात करून म्हणाले, "दम धर, आजून ओलं हाय."

ते तसेच दसऱ्याच्या तोंडापर्यंत राहिले. मग एका सकाळी ऊन पडलं, खरंखुरं, पिवळं ऊन, आणि सगळ्या गावानं आपापली अंथरुणं बाहेर काढली. आबांनी आपलं धोतर स्वतः दोरीवर टाकलं, वाळेपर्यंत त्याच्याकडं बघत उभे राहिले, घडी घातली आणि निघाले. ऊन पडल्यावर त्यांना थांबवणं मला शोभलं नसतं. यष्टीच्या खिडकीशी मी म्हणाले, "पुढच्या पावसाळ्याला या." ते म्हणाले, "बगू."

डबी कपाटात गेली. मशीनची मदार पुन्हा पट्ट्यांवर आली, पण आता घरात खळ करायला कारण नव्हतं, त्यामुळं पट्ट्या स्वच्छ आणि मशीन शहाण्यासारखं चालत होतं. थंडीत, उन्हाळ्यात त्याच्याकडं कुणी फिरकलं नाही. ह्या पावसाळ्यात ते पुन्हा सुरू झालं तेव्हा पडवीतून जाताना नळीचं वारं पायाला लागलं आणि मी तिथंच उभी राहिले. वारं तेच होतं. समोर खाट होती, मांजरही येऊन बसलं होतं. काम सगळं होत होतं आणि मला काही म्हणजे काही गोड लागत नव्हतं.

कपाटातली डबी काल ह्यांनी बाहेर काढली. बसवू का, असं त्यांनी विचारलं नाही, आणि मीही नको म्हटलं नाही. वीज वाचते, ते काय खोटं आहे? उगाच कुणाची वाट बघत किती दिवस यंत्र अडाणी ठेवायचं? आज नळी झाडून झाल्यावर ती बसवायची, असं दोघांच्याही मनात असावं.

आणि आत्ता फोन वाजला. शेजारच्या पोराच्या मोबाइलवरून आबा. पलीकडं वाऱ्याचा मोठा आवाज येत होता. आधी शेळ्यांचं झालं, भावाचं झालं, तिकडं ढग नुसतेच वरनं पळत्यात हे झालं.

"मशीन चालतंय का?" त्यांनी विचारलं.

"चालतंय की."

"पाव्हण्यांनी त्ये डबडं परत बशिवलं न्हाई न्हवं?"

मी पडवीकडं बघितलं. हे स्टुलावर उभे होते. एका हातात पेचकस, दुसऱ्या हातात डबी, आणि डबीची एक वायर नळीला अडकवून झालेली. फोनमधून आबांचा आवाज नेहमीच तिथपर्यंत जातो. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग वायर सोडवली, डबी सदऱ्याच्या खिशात टाकली आणि खाली उतरले.

"न्हाई आबा," मी म्हणाले. "न्हाई बशिवलं."

"मग येतो म्हन," आबा म्हणाले. "उद्याच्या यष्टीनं."

मी फोन ठेवला आणि साबुदाणा भिजत घातला.